पानांआडचं पोड

आमचे सर माणसांना आकडे देत. मार्क नव्हेत, मार्क द्यायच्या बाबतीत ते कंजूषच होते. एखादी गोष्ट किती वेळा सांगितली म्हणजे ती समोरच्यापर्यंत पोचते, तो त्या माणसाचा आकडा. शिपायाचा दोन. लॅब असिस्टंटचा चार. प्राचार्यांचा आकडा त्यांनी वर्गात फळ्यावर काढून दाखवला होता, आडवा आठ, म्हणजे अनंत, आणि नेमके त्याच वेळी प्राचार्य दारात उभे होते.

"काय शिकवताय?" प्राचार्यांनी विचारलं.

"तुमचंच चाललंय," सर म्हणाले आणि पुढे शिकवू लागले. पोरं बाकांखाली वाकून हसत होती. मी सरांच्याच विभागात नवा लेक्चरर होतो, मागच्या बाकावर त्यांचा तास ऐकत बसलेला. प्राचार्यांची नजर पोरांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्या वर्षीची माझी पगारवाढ तिथेच अडली असं माझं आजही मत आहे.

माझा आकडा तीन होता. तो कमी व्हावा म्हणून मी बरीच वर्षं झटलो. एकदा सर खुशीत असताना अडीच झाला आणि पुन्हा तीनवर आला.

यात थट्टा कमी आणि विषय जास्त होता. सरांचा विषय बिनतारी मेश नेटवर्क. मेश म्हणजे जाळं. एका मोठ्या टॉवरऐवजी शाळेवर, पाण्याच्या टाकीवर, घरांच्या छपरांवर छोटे छोटे डबे बसवायचे आणि निरोप एका डब्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा हातोहात पुढे द्यायचा. यात भानगडी दोन. निरोप कोणत्या वाटेने न्यायचा ही पहिली. शेजारशेजारचे डबे एकाच चॅनलवर एकदम बोलले तर कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही, म्हणून कोणाला कोणता चॅनल द्यायचा ही दुसरी. डबे फार आणि चॅनल थोडे. सरांची उभी हयात या दोन भानगडींत गेली. संसार काकूंनी केला.

काकूंचा आकडा किती, असं मी एकदा धीर करून विचारलं. सरांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "जायचा एक. यायचा सांगता येत नाही. दुवा दोन्हीकडून मोजावा लागतो." काकू आतून म्हणाल्या, "यायचाही एकच आहे, पण ऐकणाऱ्याचे कान चॅनल बदलून बसलेत. दूध आणायला सकाळपासून सांगून राह्यली मी."

सर मूळचे पुसदचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला किंवा आनंद झाला की सरळ वऱ्हाडीवर येत. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि गळ्यात दोरीला बांधलेली जुनी दुर्बीण. या अवतारात ते यवतमाळात बाजार करायलाही जात. घरापासून कॉलेज सरळ रस्त्याने हाकेवर होतं, पण ते बसस्टँड टाळून भलामोठा वळसा घालून येत. जवळची वाट ती चांगली वाट असं समजणारा माणूस अजून शिकायचा आहे, असं त्यांचं म्हणणं. बसस्टँडवर ओळखीचे लोक थांबवतात, तिथे निरोप अडकतो. वळशाने कोणी भेटत नाही. स्वतःला ते निरोपच समजत.

आर्णीला एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. पंगत बसली. वाढपी नेहमीसारखे चारी दिशांनी भाजी, वरण, बुंदी ओरडत धावत होते. सर पानावरून उठले. पंगतीच्या मधोमध उभे राहून त्यांनी वाढप्यांना थांबवलं आणि समजावून सांगू लागले, की दोन वाढपी एका ओळीत समोरासमोर येता कामा नयेत, भाजीवाल्याने विषम ओळी घ्याव्यात, वरणवाल्याने सम, म्हणजे ओरडायची गरजच पडणार नाही. नवरीचा बाप हात जोडून आला. सर त्यालाही समजावू लागले. मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि पंगत संपेपर्यंत हातच धूत राहिलो. येताना गाडीत सर म्हणाले, "वरणवाला हुशार होता. दीड."

गाडी माझी, पेट्रोल कॉलेजचं आणि मागच्या सीटवर सर. पुढे ते कधी बसले नाहीत. मागे नकाशा पसरायला जागा मिळते. जिल्ह्यातल्या निदान चार टपऱ्यांवर मला त्यांचा ड्रायव्हर समजून चहा गाडीजवळ आणून दिलेला आहे. मी तो निमूट प्यायलो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं आणि आम्ही ते नेतही होतो. सरांबरोबर बाहेर जायचं म्हणजे लाज घरी ठेवून जायचं, असं विभागात म्हणत. ती लाज वेगळी होती. ती चहाबरोबर सांगता यायची. मला सांगायचंय ते दुसऱ्या लाजेचं.

मुकुटबनच्या पलीकडे डोंगरात कोलाम आदिवासींचं एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती, पंधरा-वीस घरांची. आज त्या पोडात नेट आहे. कॉलेजच्या पुस्तिकेत ते दरवर्षी फोटोसकट छापलं जातं आणि त्या फोटोत मी आहे, हसतो आहे. सर नाहीत. ते फोटोला आले नाहीत. पुस्तिका हातात पडली की मी ते पान उलटून टाकतो, कारण त्या फोटोच्या आधी एक श्रावण होऊन गेला आहे.

पोडात फोनला रेंज नव्हती. सरांनी ठरवलं की आपली हयातभराची विद्या इथे लावायची: मुकुटबनहून डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या शाळेच्या छपरावर, तिथून एका उडीत पोडातल्या खांबावर. एवढ्या लांबच्या उडीला मधे काही आडवं चालत नाही, डब्याला डबा दिसावा लागतो. एरवी कॉलेज सोडता येत नसे, म्हणून सगळं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं. एप्रिलमध्ये शाळेच्या छपरावर उभं राहिलं की समोरचा डोंगरउतार, त्यावरचा उभाच्या उभा साग आणि त्यापलीकडे पोडातला खांब, सगळं लख्ख दिसायचं. सरांनी दुर्बीण लावली, तसेच हात वर करून ओरडले, "लाइन क्लिअर!" खाली शाळेच्या गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत लाइन क्लिअर असं लिहिलं.

सुज्ञ वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या आलं नाही. सरांचा जन्म पुसदचा, माझा यवतमाळचा. सागाची पानं उन्हाळ्यापूर्वी झडतात आणि पाऊस लागला की परातीएवढी होऊन परत येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण आम्ही जंगलात जायचो ते सुट्टीत आणि सुट्टी उन्हाळ्यात. आमच्यापुरता साग बारा महिने उघडाच होता. पोडातले लोकही काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, जे काही चालतं ते डब्याच्या आत चालतं. तसं आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

मे महिनाभर नेट झकास चाललं. पोडात ते सांभाळायचं काम लेतूभाऊंकडे होतं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. खांब त्यांनीच रोवला, सोलरची पाटी त्यांनीच बसवली. दिशा दाखवताना सर एकदा बोलले की लेतूभाऊ ते करून मोकळे. सरांनी परतताना गाडीत मला सांगितलं, "एक. पुरा एक. घराबाहेरचा पहिला." मला थोडा मत्सरच वाटला.

लेतूभाऊंची मुलगी कमली पुसदला नर्सिंगच्या होस्टेलवर होती. बायको सोनाबाई. तिला फोन लावता येत नसे. लेतूभाऊ लावून द्यायचे आणि ती दोन्ही हातांनी तो तोंडासमोर धरून बसायची. पहिल्यांदा कमली दिसली तेव्हा ती काही बोललीच नाही. कमली तिकडून "माय, बोल ना वं" म्हणत होती आणि ही नुसती बघत होती. मग म्हणाली, "केस काहून कापले?" सर बाजूला उभे होते. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि मला सांगितलं की धूळ फार आहे.

जूनच्या शेवटी दुवा अडखळू लागला. जुलैत मेला. सरांनी निदान केलं, चॅनलचा घोळ. कुठूनतरी कोणीतरी आपल्या चॅनलवर बोलतं आहे. मग आम्ही लॅबमध्ये बसून चॅनल वाटले, पुन्हा वाटले, वाटा बदलल्या, सूत्रं बदलली. सरांच्या टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरलेला आणि त्यावर प्रत्येक चॅनलची वेगळ्या रंगाची बांगडी. काकूंच्या बांगड्या होत्या. नाले भरलेले, कॉलेजात प्रवेशांची गर्दी, म्हणून प्रत्यक्ष जाणं राहून गेलं. गुरुजींचा फोन यायचा, "पोडातले लोक विचारून राह्यले, सर." सर म्हणायचे, "झालंच. या हप्त्यात होते."

श्रावणात गेलो. सर शाळेच्या छपरावर चढले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. मग काढून काच पुसली. परत लावली.

"पोड कुठं गेलं?" त्यांनी मला विचारलं.

"पानांआड आहे, सर."

समोर उतारभर नुसता हिरवा साग. खांब नाही, घर नाही, काही नाही. पाऊस नुकताच थांबलेला, पानापानावर पाणी. सर खाली उतरले. मी नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन उभा होतो आणि गुरुजींकडे बघायचं टाळत होतो. गुरुजी भला माणूस. ते म्हणाले, "चहा घेऊ ना, सर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा कोणी असता तर त्याने गावातूनच गाडी वळवली असती आणि कॉलेजातून एक पत्र धाडलं असतं: तांत्रिक अडचण. मी तसं सुचवलंही. सर मात्र नाला ओलांडून चिखलातून पोडात गेले आणि घरोघर फिरले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणायचे, "चूक माझी आहे. मी झाडाकडे पाहिलं नाही." बाया आधी गोंधळल्या, मग पदराआड हसू लागल्या. एवढा मोठा सर दारोदार हात जोडत हिंडतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी चार पावलं मागे राहून फोन बघत होतो. त्या फोनला तिथे रेंज नव्हती.

सोनाबाईने विचारलं, "म्हंजे कमली दिसनार नाही?"

"पानं झडली की दिसेल," सर म्हणाले. "फाल्गुनात."

तिने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. परत निघताना सर लेतूभाऊंबरोबर खांबापाशी उभे राहिले. समोर चार साग होते, भरगच्च पानांचे. सर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "ही चार झाडं आडवी आली. ही नसती तर..." वाक्य त्यांनी पुरंही केलं नाही. लेतूभाऊंनी झाडांकडे पाहिलं आणि मान हलवली. मी तिथेच होतो. मीही ऐकलं आणि सोडून दिलं, कारण माझा आकडा तीन.

पुढच्या आठवड्यात गुरुजींचा सकाळीच फोन आला. लेतूभाऊंनी काल दुपारी त्या चार सागांचे फाटे छाटले, एक तर बुडापासूनच पाडला. जंगल सरकारचं. गार्ड फिरतीवर होता, त्याने झाडावरूनच त्यांना उतरवून घेतलं. रात्रभर वनखात्याच्या रेंज ऑफिसात आहेत.

सरांनी फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं, तर संगणकावर पोडाचा दुवा पाहिला. मेलेला होता. चार झाडांनी काय होणार? उतारावर हजारांनी झाडं होती. सर त्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी काढ." एकदाच सांगितलं आणि मी त्या एकातच उठलो.

रेंजरसाहेब सज्जन निघाले. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, त्यामुळे आम्हाला लगेच खुर्च्या मिळाल्या, पाणी आलं, चहा सांगितला गेला. लेतूभाऊ बाहेर व्हरांड्यात फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. दारातून त्यांचे पाय दिसत. शेजारी त्यांची कुऱ्हाड, तिच्या दांड्याला चिठ्ठी बांधलेली. सरांना पाहून त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले होते, जणू त्यांच्यामुळे सरांनाच तसदी पडली.

सर खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "लिहून घ्या. झाडं तोडायला मी सांगितलं."

"सर, बसा तर खरं."

"तोड, असं मी स्पष्ट सांगितलं. ती चारही तोड म्हणालो. गुन्हा माझ्या नावावर घ्या."

मी चहाच्या कपात पाहिलं. सर्वांसमोर प्राचार्यांना अनंत म्हणणारा हा माणूस, विद्यार्थ्याच्या पेपरावर अर्ध्याऐवजी पाव मार्क देणारा, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. कान लाल झाले होते. हात टेबलाच्या कडेवर. रेंजरने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीही होता तिथं?"

मी तोंड उघडायच्या आत बाहेरून लेतूभाऊंचा आवाज आला. ते उभे राहून दारात आले होते.

"नाही, साहेब. सर खोटं बोलून राह्यले."

"लेतूभाऊ, तुम्ही गप्प बसा," सर म्हणाले.

"कायले गप्प बसू? सर तोडा म्हनलेच नाही. मी माह्या मनानं तोडलं."

रेंजर म्हणाले, "अरे, तुझ्याच फायद्याचं बोलताहेत ते."

"त असन. पन सर तसं म्हनले नाही ना. उद्या यांच्या नावानं समन निघन. मास्तर मानूस हाय, कोर्टात उभा राह्यला त बरं दिसते का?"

चहावाला पोऱ्या चौथा कप घेऊन आला आणि कोणाला द्यावा ते न समजून तसाच उभा राहिला. रेंजरने लिहून घेतलं ते लेतूभाऊंचं म्हणणं. केस झाली. तारखेला हजर राहीन म्हणून अंगठा घेतला आणि त्यांना सोडलं. कुऱ्हाड जप्त राहिली. सरांनी आपला कबुलीजबाब कागदावर लिहून देऊ केला, तो रेंजरने घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवला. मोठ्या आदराने ठेवला. मला त्या आदराची शिसारी आली; मीही त्याच आदराचा चहा पीत होतो.

परतताना सरांनी लेतूभाऊंना मागे आपल्याशेजारी बसवलं. नकाशा पायाशी पडला होता, तो कोणी उचलला नाही. नाल्यापाशी लेतूभाऊ म्हणाले, "सर, तुमी इथूनच वापस जा. सोनाबाई तोंडाची फाटकी हाय. काही बोलन. तुमाले लागन."

सर दार उघडून उतरले. चपला हातात घेऊन नाल्यात शिरले. मी गाडीत बसून राहू शकलो असतो आणि ती इच्छा मला झालीच, पण दोघांच्या पाठी पाहून मीही बूट काढले.

पोडात बाया-माणसं जमा झाली. सर मान खाली घालून उभे राहिले, बोलणी खायच्या तयारीने. सोनाबाई पुढे आली. तिने आधी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुऱ्हाड?"

"राह्यली तिथंच."

मग ती सरांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "सर, केस झाली त झाली. पन लागलं ना तुमचं नेट? झाडं तोडल्यावर लागलं ना?"

लेतूभाऊही सरांकडे बघत होते. झाडावरून उतरवून नेल्यापासून त्यांनाही ते कळलेलं नव्हतं, आणि विचारायचं त्यांनी वाटभर टाळलं होतं. मला वाटलं सर आता दारोदार म्हणाले होते तेच म्हणतील, चूक माझी आहे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"लागलं," सर म्हणाले. मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चांगलं लागलं."

दिवसभरात पहिल्यांदा लेतूभाऊंचा चेहरा फुलला. "म्या म्हनलं होतं," ते बायकोला म्हणाले. ती तेवढ्यात आत गेलीही होती. बाहेर आली ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला फोन घेऊन. गाठ सोडली, फोन पदराला पुसला आणि सरांच्या हातात दिला.

"मंग लावून द्या ना कमलीले," ती म्हणाली. "लय दिस झाले तिचं तोंड पाहून."

सर फोन दोन्ही हातांत धरून उभे राहिले. कमली दिसेल म्हणून पोडातल्या सगळ्या बाया त्यांच्याभोवती जवळ सरकल्या.